‘अलाऊ’वर अंगठा ठेवण्यापूर्वी

दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जाते, कोणी सोलापूर-अहिल्यानगरकडे, तर कोणी थेट कर्नाटकात. पाच-सहा महिने उसाच्या फडात, कोपीत काढायचे आणि उन्हाळा लागला की बालाघाटाच्या डोंगरात परत यायचे, हा इथला कित्येक वर्षांचा शिरस्ता. पूर्वी फडावर गेलेल्या माणसाची खुशाली गावात कळायला आठवडे लागत. आता टोळीत दोन-चार तरी स्मार्टफोन असतात. त्यावर मुलांचा अभ्यास चालतो, पैसे पाठवले जातात, गावाकडच्या आजीचा चेहरा दिसतो. सोय मोठी आहे, यात शंका नाही.

मात्र याच फोनवर नवे ॲप टाकले की एक छोटी चौकट उघडते. हे ॲप तुमचे लोकेशन पाहू इच्छिते, परवानगी द्यायची का? बहुतेकांचा अंगठा क्षणभरही न थांबता ‘अलाऊ’वर पडतो. चौकट वाचली जात नाही आणि वाचली तरी ती पुष्कळदा इंग्रजीत असते. पुढे त्या परवानगीचे काय होते, हे कोणी विचारत नाही.

कागदावर अंगठा उमटवला की संमती झाली, असा समज वैद्यकीय क्षेत्रातही बराच काळ होता. तो चुकीचा कसा, हे बीड जिल्ह्याइतके दुसऱ्या कोणाला सांगण्याची गरज नसावी.

सही आणि संमती यांतला फरक

बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या अनेक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालयात संमतीपत्र भरून घेतले जातेच. पण दुसरा कोणता उपचार शक्य होता, गर्भाशय काढल्यानंतर शरीरात काय बदल होतील, आत्ताच शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल, हे किती जणींना नीट समजावले गेले असेल? बुडालेली मजुरी आणि मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर असताना ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक किती जणींना होती?

सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिल्लीतील एका प्रकरणात याच प्रश्नाचा निकाल दिला. एका महिलेने दुर्बिणीतून तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची परवानगी घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजांडकोश काढण्यात आले. न्यायालयाने स्पष्ट केले की तपासणीसाठी दिलेली संमती उपचारासाठी चालत नाही. एका शस्त्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसरीसाठी वापरता येत नाही. जिवाला धोका असेल तरच त्याला अपवाद. आणि रुग्ण सज्ञान असेल, स्वतः निर्णय घेऊ शकत असेल, तर आईची सहीही तिच्या जागी चालत नाही.

यातून खऱ्या संमतीच्या चार कसोट्या निघतात. पहिली, माणसाला त्याच्या भाषेत पुरेशी माहिती मिळाली पाहिजे. दुसरी, संमती एका ठरावीक कामापुरती असली पाहिजे. तिसरी, नकार देण्याची खरी मोकळीक हवी. आणि चौथी, दिलेली संमती मागे घेता आली पाहिजे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेईपर्यंत रुग्ण ‘नको’ म्हणू शकतो आणि डॉक्टरला ते ऐकावे लागते. फोनवर लोकेशनसाठी मागितली जाणारी परवानगी याच चार कसोट्यांवर तपासून पाहिली पाहिजे.

फोनला जागा कळते कशी?

पृथ्वीपासून सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह सतत वेळेचे संकेत पाठवत असतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की ते पोहोचायला लागलेल्या सूक्ष्म वेळेवरून फोन आपली जागा काढतो. मोकळ्या आकाशाखाली हा हिशोब काही मीटरपर्यंत अचूक असतो. भारताची ‘नाविक’ ही यंत्रणाही याच तत्त्वावर चालते. यात फोन फक्त ऐकतो, उपग्रहाला काही सांगत नाही. म्हणून घाटात रेंज नसली तरी फोनला आपली जागा कळू शकते.

प्रश्न येतो तो पुढच्या टप्प्यावर. फोनला कळलेली जागा ॲप वाचते आणि रेंज मिळताच कंपनीच्या संगणकाकडे पाठवते. जीपीएसखेरीज मोबाइलचे टॉवर, आसपासचे वाय-फाय आणि ब्लूटूथ यांवरूनही जागेचा अंदाज बांधता येतो. फोनमधले लोकेशन बंद केले तरी तो कोणत्या टॉवरला जोडलेला आहे, हे मोबाइल कंपनीला कळतेच. त्याशिवाय फोन लागणारच नाही.

लोकेशन दिल्याने काय बिघडते, आपण काही चोरी केलेली नाही, असे अनेक जण म्हणतात. पण एकेका ठिकाणाला फारसा अर्थ नसला तरी महिनाभराच्या ठिकाणांना असतो. रात्री फोन जिथे असतो ते घर. दिवसभर असतो ते कामाचे ठिकाण. महिन्यातून एकदा ठरावीक दिवशी फोन एआरटी केंद्रात जात असेल, आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या कक्षात चार तास थांबत असेल, मानसोपचार विभागात किंवा प्रसूतितज्ज्ञाकडे जात असेल, तर आजाराचे नाव कुठेही न लिहिता आजार कळतो.

नाव काढून टाकले की माहिती निनावी होते, हा दिलासाही फारसा खरा नाही. पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जागा टॉवरइतकी ढोबळ आणि वेळ तासाइतकी ढोबळ असूनही, फक्त चार ठिकाणे माहीत असली की ९५ टक्के लोकांच्या नोंदी इतरांपासून वेगळ्या काढता येत होत्या. चार ठिकाणे म्हणजे घर, शेत, बाजार आणि दवाखाना. छोट्या गावात कोण कुठे राहते, कोणाचे शेत कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. तिथे तर ओळख पटवणे आणखी सोपे.

अशा माहितीचा जगात मोठा व्यापार चालतो. हवामान, खेळ, कूपन अशा साध्या ॲपमधून गोळा झालेली ठिकाणे दलाल कंपन्या विकत घेतात आणि पुढे विकतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑगस्ट २०२२ मध्ये ‘कोचावा’ या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. कोट्यवधी फोनची ठिकाणे ही कंपनी विकते आणि त्यावरून कोण प्रसूती-गर्भपाताच्या दवाखान्यात गेले, कोण प्रार्थनास्थळी किंवा पीडित महिलांच्या निवाऱ्यात गेले हे शोधता येते, असा आयोगाचा आरोप होता.

आपल्याकडे रुग्णाची गुप्तता राखण्याचे कायदे कडक आहेत. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार एखाद्याची एचआयव्हीची स्थिती त्याच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय उघड करता येत नाही. वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार महिलेचे नाव व तपशील अनधिकृत व्यक्तीला सांगणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रुग्णालय नोंदवही कुलपात ठेवते. रुग्णाच्या खिशातला फोन मात्र तीच गोष्ट वेगळ्या वाटेने बाहेर नेऊ शकतो.

चार कसोट्या आणि एक कायदा

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा’ झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीविषयीच्या मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे त्या मे २०२७ पासून लागू होतील.

या कायद्यातली संमतीची व्याख्या वाचताना कोणाही डॉक्टरला ओळखीचे वाटेल. संमती मुक्त हवी, ठरावीक कामापुरती हवी, माहिती घेऊन दिलेली हवी, विनाअट आणि निःसंदिग्ध हवी. संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, अर्थात मराठीतही, वाचण्याची सोय द्यावी लागेल. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे.

कायद्यात दिलेले एक उदाहरण तर थेट आरोग्यसेवेचे आहे. एक महिला घरबसल्या डॉक्टरचा सल्ला देणारे ॲप घेते. ॲप तिची आरोग्यविषयक माहिती वापरण्याची परवानगी मागते आणि सोबत फोनमधील संपर्कांची यादीही मागते. ती दोन्हींना ‘हो’ म्हणते. तरीही सल्ल्यासाठी संपर्कांच्या यादीची गरज नसल्यामुळे तिची संमती फक्त वैद्यकीय सल्ल्यापुरतीच धरली जाईल. दिल्लीतल्या त्या शस्त्रक्रियेच्या निकालाचे तत्त्वही हेच होते.

आज आपल्या फोनवर काय चालते? टॉर्चचे किंवा कॅलेंडरचे ॲप लोकेशन मागते. उजेड पाडायला जागा कशाला कळायला हवी? कर्ज देणारे ॲप ‘नेहमी’ लोकेशन मागते. नकार दिला तर काही ॲप उघडतच नाहीत. म्हणजे पहिल्या तीन कसोट्यांवर गाडी अडते.

चौथ्या कसोटीची, संमती मागे घेण्याची गोष्टही पाहण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये गूगलने अमेरिकेतील ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. ‘लोकेशन हिस्टरी’ बंद केली तरी दुसऱ्या एका सेटिंगमधून ठिकाणांची नोंद चालूच राहत होती आणि वापरकर्त्यांना हे नीट सांगितले गेले नव्हते, अशी त्या राज्यांची तक्रार होती. ‘नको’ म्हटल्यावर काम थांबेल, असा लोकांचा समज होता. प्रत्यक्षात ते थांबत नव्हते.

नाही म्हणण्याची मोकळीक

धारूरसारख्या भागात सर्वांत नाजूक कसोटी तिसरी आहे. उचल घेतलेल्या मजुराला मुकादमाने ‘लाइव्ह लोकेशन चालू ठेव’ असे सांगितले, तर तो कशाच्या बळावर नकार देणार? सासरच्यांनी सुनेच्या फोनमध्ये लोकेशन चालू ठेवायला लावले, तर ती बंद करू शकेल का? कुटुंबात एकच फोन असतो आणि त्यावर नवरा किंवा मुलगा ‘अलाऊ’ करतो. घरच्या सगळ्यांची ये-जा त्या एका अंगठ्याने उघडी पडते. व्हॉट्सॲपवरचे लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तासांसाठी देता येते आणि वेळ संपली की आपोआप थांबते. ही सोय चांगली आहे. पण रोज सकाळी नव्याने मागणी होत असेल, तर त्या मुदतीला काही अर्थ उरत नाही.

सरकारी यंत्रणेतही हा प्रश्न येतो. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवरून हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो जागेच्या खुणेसह चढवायचा, अशी पद्धत होती. खोट्या हजेरीला आळा घालणे हा त्यामागचा हेतू योग्यच. पण फोटो चढला नाही तर मजुरी बुडण्याची भीती असलेल्या मजुराच्या ‘हो’ला मुक्त संमती म्हणणे कठीण आहे.

करोनाच्या काळात २ एप्रिल २०२० रोजी आलेल्या ‘आरोग्य सेतु’ ॲपचा अनुभवही बोलका आहे. ते ब्लूटूथ आणि जीपीएस दोन्ही वापरत असे. १ मे रोजी केंद्राने सरकारी व खासगी कर्मचाऱ्यांना ते सक्तीचे केले आणि १७ मे रोजी ही सक्ती सैल केली. ११ मे रोजी माहितीच्या वापराची नियमावली जाहीर झाली. त्यात संपर्क आणि ठिकाणांच्या नोंदी साधारणपणे १८० दिवसांपलीकडे ठेवू नयेत असे ठरले. साथीच्या काळात लोकांची ये-जा कळणे उपयोगाचे असते, हे नाकारता येत नाही. पण नियम आधी सांगून मग परवानगी मागितली असती, तर लोकांचा विश्वास अधिक मिळाला असता.

नव्या कायद्यानेही सगळेच प्रश्न सोडवलेले नाहीत. शासकीय लाभ देण्यासाठी आणि नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा त्यात आहे. पण सतत पाळत ठेवण्याला मर्यादा आहे, हे न्यायालयाने दाखवून दिले आहे. जामिनावर सुटलेल्या आरोपीने गूगल मॅप्सवर पिन टाकून आपला ठावठिकाणा तपास अधिकाऱ्याला दिसता ठेवावा, ही अट सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी काढून टाकली. आरोपीचाही खासगीपणा जपला जात असेल, तर कष्टाने ऊस तोडणाऱ्याचा का जपला जाऊ नये?

लोकेशन जीवही वाचवते

याचा अर्थ लोकेशन कायमचे बंद करून टाकावे असा नाही. अनोळखी जिल्ह्यातल्या फडात पहाटे कोणाला साप चावला, कोपीत बाईला कळा सुरू झाल्या, तर १०८ वर फोन केल्यावर पहिला प्रश्न येतो तो ‘कुठे आहात?’ असा. फडाला नाव नसते, गट नंबर मजुराला माहीत नसतो. अशा वेळी जवळचे गाव, फाटा, कारखान्याचे नाव सांगता आले आणि रुग्णवाहिकेच्या चालकाला व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवता आले, तर मोलाची मिनिटे वाचतात. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा वाट चुकले, तर त्यांच्याजवळच्या फोनचे लोकेशन घरच्यांना दिसणे ही मोठी मदत ठरते.

महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने २०२२ मध्ये स्थलांतरितांच्या नोंदीची यंत्रणा सुरू केली. गरोदर माता, स्तनदा माता आणि लहान मुले कुठून कुठे गेली हे अंगणवाडीला कळावे, म्हणजे पोषण आहार आणि लसीकरण नव्या गावीही चालू राहील, असा तिचा उद्देश. धारूरची गरोदर महिला कर्नाटकच्या सीमेवर गेली तरी तिचे धनुर्वाताचे इंजेक्शन आणि रक्ताची तपासणी चुकू नये, यासाठी ती कुठे आहे हे कोणाला तरी कळलेच पाहिजे. तिथे ठावठिकाणा सांगण्याचे कारण स्पष्ट असते आणि फायदा तिचाच असतो.

काय करावे?

पहिले काम पाच मिनिटांचे आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘लोकेशन’ उघडावे आणि ‘ॲप परवानग्या’ पाहाव्यात. कोणत्या ॲपला ‘नेहमी’ परवानगी आहे ते तिथे दिसते. नकाशा, प्रवास, रुग्णवाहिका अशा ॲपना ‘फक्त ॲप वापरताना’ एवढी परवानगी पुरते. एखाद-दुसऱ्या वेळेची गरज असेल तर ‘फक्त या वेळी’ निवडावे. टॉर्च, कॅलेंडर, गाणी, फोटो सजवणारी ॲप यांना ‘परवानगी देऊ नका’.

दुसरे, अँड्रॉइड १२ आणि त्यापुढच्या फोनमध्ये ‘अचूक’ आणि ‘अंदाजे’ असे दोन पर्याय मिळतात. ‘अंदाजे’ निवडले की ॲपला साधारण तीन चौरस किलोमीटरचा परिसर कळतो, नेमका दवाखाना कळत नाही. हवामानाच्या ॲपला एवढे पुष्कळ झाले.

तिसरे, सेटिंग्जमधील गोपनीयतेच्या विभागात जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक काढून टाकता येतो. निरनिराळ्या ॲपमधली माहिती एकत्र जोडायला जाहिरात कंपन्या याच क्रमांकाचा उपयोग करतात. गूगल मॅप्समधील ‘टाइमलाइन’ही एकदा उघडून पाहावी. आपण कुठे कुठे गेलो याची नोंद तिथे असेल तर ती पुसता येते.

चौथे, जखमेचा किंवा रिपोर्टचा फोटो डॉक्टरला पाठवताना तो व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवावा. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेल्या मूळ फोटोत तो कुठे काढला याची नोंद सोबत जाऊ शकते.

पाचवे, आशा सेविका, अंगणवाडी सेविका किंवा रुग्णालयाचे कर्मचारी ॲपवर नोंद करत असतील, तर ही माहिती कशासाठी, कोण पाहणार आणि किती दिवस राहणार, एवढे तीन प्रश्न प्रत्येकाने विचारावेत. हे प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने प्रश्न विचारले की चांगल्या डॉक्टरला बरेच वाटते, कारण त्याला कळते की रुग्णाने ऐकले आहे.

आणि टोळी घेऊन निघणाऱ्या मुकादमांनी, तसेच कारखान्यांनीही, एक साधा नियम पाळावा. मजूर कामावर आला की नाही हे हजेरीवहीत कळते. त्यानंतर तो कोणत्या दवाखान्यात गेला, त्याची बायको कोणाकडे तपासायला गेली, हे कळण्याचा हक्क उचल देणाऱ्याला मिळत नाही. उचल मजुरीवर दिलेली असते, माणसाच्या प्रत्येक पावलावर नाही.